मे महिन्यात शाळेचा शिक्का कुठे असतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात जिल्ह्याच्या पानावर 'शाळाबाह्य मुलांनी संधीचा लाभ घ्यावा' ही बातमी वाचली. हेतू चांगला असणार, त्याबद्दल आभार. पण 'पालकांच्या उदासीनतेमुळे नोंदणीस अल्प प्रतिसाद' हे वाक्य ज्यांनी तुमच्या वार्ताहराला पुरवले, त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्याकडच्या एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहावे. दाराला कुलूप. कुलपाची किल्ली शिपायाकडे, कपाटाची कारकुनाकडे, आणि गोल शिक्का मुख्याध्यापकांच्या बॅगेत, त्यांच्यासोबत त्यांच्या गावी. बाहेर टोपी हातात घेऊन बाप उभा. आता यातला उदासीन कोण, ते तुम्हीच ठरवा.

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इकडचे साल कसे चालते ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात, गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. पोरगं गावात असतं ते एप्रिल ते सप्टेंबर. त्यातला ऐन दीड महिना शाळा बंद. पावसाळ्यात टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, वाटून मोकळा झालेला असतो. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हाताशी आलेला मुलगा अर्धा कोयता. हा अर्धा कोयता मुकादमाच्या वहीत एकदा चढला की शाळेच्या वहीत त्याला चढवायला कोणी कितीही हेलपाटे घातले तरी व्यर्थ. मुलींचे तर मे महिन्यातच लग्न उरकून टाकतात. म्हणजे नाव नोंदवण्याचा खरा हंगाम उन्हाळा, आणि आपले कार्यालय म्हणते 'शाळा उघडल्यावर या'.

बरे, कायदा असे म्हणतो का? नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम ४ वाचावे. शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे, बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे, आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच पूर्ण करू द्यायचे. कलम ५ सांगते की दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकाने तो ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नकार देता येत नाही. कलम १५ प्रमाणे मुदत टळली तरी प्रवेश नाकारता येत नाही. यात 'जून' हा शब्द कुठे आहे ते मला दाखवावे. मात्र या कायद्याचे छत्र सहा ते चौदा वयाला आणि आठवीपर्यंतच. नववीतून सुटलेल्याला त्याचा आधार नाही, आणि आमच्याकडे गळती नेमकी तिथेच मोठी. अशा मुलाच्या हाती उरतो तो १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न बसता बाहेरून बोर्डाची परीक्षा देण्याचा अर्ज.

या फॉर्मबद्दल गेल्या वर्षीचे एक प्रकरण सांगतो. शाळेचे नाव लिहीत नाही. मुलगा नववी पास होऊन सुटलेला, दोन हंगाम कोयत्यावर काढलेला. दहावी करायची म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात बापाला घेऊन दाखल्यासाठी शाळेत गेला. उत्तर: पंधरा जूननंतर या. जूनमध्ये गेला तर आधी चालू विद्यार्थ्यांचे दाखले. जुलै सरता सरता एकदाचा कागद हाती पडला. त्यावर जन्मतारीख अंकी ०३/०६/२००८ आणि त्याच्याच खाली अक्षरी 'तीन जुलै दोन हजार आठ'. अक्षरी ओळ कोणी वाचत नाही, लिहिणाराही नाही. संपर्क केंद्राच्या, म्हणजे फॉर्म जमा करायच्या ठिकाणच्या, लिपिकाने मात्र वाचली आणि कागद परत केला. त्याचे बरोबरच होते.

आता शाळेने काय करावे? 'जन्मतारखेत बदल करायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, प्रस्ताव आणा' असे सांगून बापाला जिल्ह्याला पिटाळले. नियम खरा आहे, पण तो जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या मूळ नोंदवहीतली, नोंद बदलण्यासाठी. इथे रजिस्टरमध्ये अंकी आणि अक्षरी दोन्हीकडे जूनच होता. चूक दाखला उतरवताना झालेली. चुकीचा दाखला रद्द करून रजिस्टरवरून नवीन उतरवायचा, एवढेच काम. रजिस्टर उघडायला दोन मिनिटे लागतात, ते उघडायला दीड महिना लागला. तोवर फॉर्मची मुदत गेली. विलंब शुल्काची मुदत होती, पण तेव्हा टोळीचा ट्रक दारात येऊन उभा होता. तो मुलगा तिसऱ्या हंगामाला गेला. तुमच्या बातमीच्या भाषेत हाच तो अल्प प्रतिसाद.

म्हणून पालकांना एक सांगावेसे वाटते, आणि ते तुमच्या बातमीत असायला हवे होते. दाखला हातात पडला की खिडकीपासून हलू नका. रजिस्टर समोर ठेवायला सांगा आणि मुलाचे व आईचे नाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख, रजिस्टर क्रमांक, शेवटची इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख ताडून पाहा. सोबत प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या त्या नोंदीची नक्कल, मागून घ्या. आधारवर तारीख वेगळी असेल तर शाळेची नोंद त्यासाठी बदलत नाही, आधार दुरुस्त करावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. मूळ दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागते. मोबाइल नंबर असा द्या की जो टोळीबरोबर कारखान्यावर जाणार नाही. आजीचा, चुलत्याचा, कोणाचाही. आणि ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे झाले असे नाही. छापील प्रत, शुल्काची पावती आणि मूळ कागद निवडलेल्या संपर्क केंद्रात जमा करावे लागतात. त्यानंतर परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याचे शुल्क वेगळे. तो भरायची वेळ येते तेव्हा घर उसाच्या फडात असते. दरवर्षी नोंदणी झालेली कितीतरी मुले या दुसऱ्या पायरीवर गळतात, आणि त्यांना वाटत असते की आपला फॉर्म भरलेला आहे.

आणखी एक गोम आहे, ती कोणी उघड बोलत नाही. १७ नंबर भरायचा तर मुलाचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर असता कामा नये. पण ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदे. त्यामुळे वर्षभर न दिसलेल्या मुलाचे नावही पटावर जिवंत ठेवले जाते. वास्तविक महिनाभर सलग गैरहजर राहिलेले मूलही शाळाबाह्यच धरायचे असते. सर्वेक्षणाला आलेले गुरुजी पट पाहून 'शाळाबाह्य निरंक' लिहून जातात. पोर सर्वेक्षणात शाळेत आहे, पटावर शाळेत आहे, फक्त शाळेत नाही. दुसऱ्या शाळेने शासनाच्या स्टुडंट पोर्टलवर नाव मागितले तरी जुनी शाळा ती विनंती मंजूर करीपर्यंत लटकत राहते. पट टिकला पाहिजे याची काळजी आम्हालाही कळते, शाळा बंद पडलेली कोणाला हवी आहे? पण त्यासाठी पोराचा दाखला ओलीस ठेवू नये.

करायचे म्हटले तर फार नाही. मे महिन्यात प्रत्येक केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका शाळेत आठवड्यातून एक दिवस, सोमवार म्हणा, कारकून, जनरल रजिस्टर आणि शिक्का एका टेबलावर हजर असावा. बाजाराचा वार धरला तर माणसे आपोआप येतील. सुटीत काम म्हणून त्या कारकुनाला बदली रजा द्यावी. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या एका पत्राचे काम आहे हे. दसऱ्याआधी स्थलांतराला निघणाऱ्या मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक देतात, तसे परत आलेल्यांची नोंद पाडव्यालाच का घेऊ नये, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

ता. क. बातमीच्या चौकटीत १७ नंबर फॉर्मच्या संकेतस्थळाचा पत्ता दिलात, तो ओळीत मावला नाही म्हणून मध्येच आडवी रेघ देऊन तोडलात. त्या पत्त्यात मुळात एक आडवी रेघ आहेच. काल संध्याकाळी आमच्या इथल्या झेरॉक्सच्या दुकानात दोन मुले तुमची रेघ धरून पत्ता टाकत बसली होती, पान काही उघडेना. शिवाय बीड जिल्ह्याच्या आवृत्तीत चौकशीसाठी लातूर विभागीय मंडळाचा क्रमांक छापलात. लातूर मंडळाकडे लातूर, नांदेड आणि धाराशिव. बीड हे परभणी, जालना, हिंगोलीबरोबर छत्रपती संभाजीनगर मंडळात येते. दुरुस्ती छापाल ही खात्री आहे. फक्त ती आतल्या पानावर सोन्या-चांदीच्या भावाखाली छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. धारूर, जि. बीड