पर्यायी जागेचं राहू द्या साहेब, तीन तास आधी सांगा

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये दहीपुलाजवळ माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं असली कामं करतो. परवाच्या पावसात दुकानात मांडीभर पाणी शिरलं. ऑफसेट मशीनची मोटर गेली, कागदाची रिमं फुगून लगदा झाली. पंचनाम्याला अजून कुणी फिरकलं नाही. आलं ते निमंत्रण. लघुउद्योजकांनी आपत्तीत व्यवसाय कसा चालू ठेवावा, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘व्यवसाय सातत्याचा आराखडा’, या विषयावर कार्यशाळा होती. मी गेलो. हॉल थंडगार होता, चहाही बरा होता.

वक्त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘तुमची पर्यायी जागा कोणती?’ साहेब, दुसरी जागा परवडली असती तर नाल्याच्या डोक्यावर दुकान थाटून कशाला बसलो असतो? मग म्हणाले, किती तासांत काम पूर्ववत कराल ते लिहून काढा. लिहिलं, ‘मोटर रिवाइंड होऊन येईल तेव्हा.’ त्यांना ते विनोदी वाटलं.

विषय फालतू आहे असं माझं म्हणणं नाही. हिशेबाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर ठेवा, एक दुकानाबाहेर ठेवा, हे त्यांनी सांगितलेलं शंभर टक्के खरं. मी ते आधीपासून करतो. एक हार्ड डिस्क सिडकोत बहिणीच्या कपाटात असते, म्हणून उधारी तरी वाचली. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात, ते माळ्यावर आहेत. पण दीड टनाचं मशीन माळ्यावर कसं चढवू? आणि रिमं उचलायला माणसं लागतात, माणसांना बोलवायला वेळ लागतो. तो वेळच आम्हाला मिळत नाही.

गोदावरी निदान सांगून येते. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते मोबाइलवर कळतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की भांडीबाजार आवराआवर सुरू करतो. 2008, 2016, 2019, तिन्ही पूर आम्ही असेच काढले. सरस्वती नाल्याचं तसं नाही. तो रस्त्याखाली गाडलेला. वर तासभर ढग फुटला की चेंबरची झाकणं उडतात आणि अर्ध्या तासात सराफ बाजारात पाणी. त्याचा ना क्युसेक, ना भोंगा, ना मेसेज. सरकारी नकाशावरची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमच्या नाल्याची रेषा मात्र दरसाल आमच्या भिंतीवर उमटते. पावसाळ्याआधी नाला साफ होईल, असं आमच्या बैठकीत येऊन सांगून गेलेले साहेब फोटो काढून गेले ते गेलेच.

विम्याचं ऐका. कर्ज देताना बँकेनेच विमा उतरवला. पाणी शिरल्यावर कळलं की त्यात मशीन आहे, माल नाही. 1 एप्रिल 2021 पासून पाच कोटींपर्यंतच्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आहे, तिच्यात पूरही येतो, हे मला कुणी सांगितलं? आमच्या गल्लीत दहातल्या सातांकडे असला विमा नसेल. मोजलेलं नाही, पैज लावतो. वर कायद्याची गंमत बघा: नष्ट झालेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, घेतली असेल तर परत करायची. म्हणजे पाणी माल नेणार आणि कर तुम्ही नेणार!

2019 ला कोल्हापूर-सांगलीच्या दुकानदारांना जास्तीत जास्त 50 हजार दिले होते. पंचनामा झाला तर. आमच्याकडे मरणाऱ्याला दाखला लागतो तसा बुडणाऱ्याला पंचनामा. नाशिक स्मार्ट सिटीच्या यादीत आलं 2016 मध्ये, त्याच ऑगस्टमध्ये बाजारपेठ पाण्यात होती. आता 2027 चा सिंहस्थ आला, रस्ते-पूल-घाट यांवर हजारो कोटींची भाषा चालू आहे. करा, साधूंची सोय व्हायलाच हवी. पण बारा वर्षांनी येणाऱ्यांसाठी आराखड्यावर आराखडे आणि बाराही महिने कर भरणाऱ्यांना कार्यशाळा? जानेवारी 2025 मध्ये आमच्या जिल्ह्याचं पालकमंत्रिपद जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याला स्थगिती मिळाली. तुमच्या सातत्याचा आराखडा कुठे मिळतो, तेवढं कळवा.

मागणी एवढीच आहे. नाल्यात पाणी मोजणारी यंत्रं बसवा, वर पाऊस कोसळायला लागला की खालच्या बाजारात भोंगा वाजवा. तीन तास आधी सांगितलंत तर उत्तम, एक तास दिलात तरी रिमं उचलून घेतो. पुढचं आमचं आम्ही बघू, आजवर बघतच आलोय.

आणि हो, पंचनाम्यासाठी म्हणून तो लगदा अजून दुकानातच ठेवला आहे. शेजारचे कापडवाले वासाने वैतागलेत. शनिवारपर्यंत माणूस आला तर ठीक, नाहीतर घंटागाडीत टाकणार आहे.

आपला,
दहीपुलावरचा एक छापखानेवाला