उगाळलेला कोळसा

प्रिय मित्रा,

‘कोळशाच्या चार फटकाऱ्यांपुढे ध्यान कसले लागते?’ हा तुझा प्रश्न मी बरेच दिवस जवळ बाळगला, कारण घाईने उत्तर देऊन मोकळे व्हावे असा तो नव्हता.

२०२४ च्या बिएनालेच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलामेळ्याच्या वेळी व्हेनिसमध्ये मी ली बे यांचे प्रदर्शन पाहिले. १९५६ साली दक्षिण कोरियातील चोंगदो येथे जन्मलेले हे चित्रकार पॅरिसला गेले, तेव्हा त्यांना तैलरंग परवडत नव्हते, म्हणून त्यांनी शेगडीसाठी विकला जाणारा कोळसा आणला आणि त्यावर काम सुरू केले. निमित्त गरजेचे असले, तरी कोळसा त्यांना परका नव्हता. कोरियात पूर्वी मूल जन्मले की दाराला बांधायच्या गवती दोरीत कोळशाचे तुकडे अडकवत आणि सोयाबीन मुरत घातलेल्या रांजणातही कोळसा सोडतात.

कोळसा उगाळावा तितका काळा, असे आपण म्हणत आलो. ली बे यांच्या ‘अग्नीतून उपजलेले’ या मालिकेत कोळशाचे तुकडे एकमेकांना भिडवून कॅनव्हासवर बसवलेले आणि घासून सपाट केलेले असतात. प्रत्येक तुकड्याची लाकडी रेषा निराळ्या दिशेला वळलेली असल्यामुळे, दोन पावले सरकून पाहिले की मघाशी काळाठिक्कर दिसलेला तुकडा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकतो आणि शेजारचा विझतो. त्या एका चित्रापुढे मी किती वेळ येरझाऱ्या घातल्या, ते मला सांगता येणार नाही.

आता हे फटकारे ज्यावर ओढतात, त्या कागदाविषयी. हान्जी हा कोरियन हातकागद कागदी तुतीच्या सालीपासून करतात. फांद्या वाफवून साल सोलायची, आतली पांढरी साल राखेच्या पाण्यात शिजवायची, कुटायची, एका मुळाचा बुळबुळीत रस मिसळायचा आणि बांबूच्या चटईवर तो लगदा पुढे-मागे, डावी-उजवीकडे हेलकावत झेलायचा, म्हणजे धागे दोन्ही दिशांनी गुंततात. म्हणजे बघ, कोळसा अग्नीतून येतो आणि कागदही राखेच्या पाण्यातून येतो. दोन्ही मुळात झाडच. म्हणून मला त्यांची भेट नैसर्गिक वाटते.

मी स्वतः कोळशाची पूड पाण्यात कालवून हान्जीवर कुंचला ओढून पाहिला. हात मध्यावर क्षणभर अडखळला आणि तेथेच काळे तळे साचले. ते खोडायला गेलो, तर धागे पिंजून वर आले आणि डाग अधिकच ठळक झाला. हा कागद कसलीही दुरुस्ती मान्य करत नाही. म्हणून फटकारा ओढण्यापूर्वी श्वास, खांदा आणि मन एका ठिकाणी आणावे लागते. मला उमगलेले ध्यान ते एवढेच, आणि ते चित्रापूर्वीचे आहे.

चोंगदोत चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला पाइनच्या फांद्यांचे ‘चंद्रघर’ रचून पेटवतात. २०२४ च्या माघी पौर्णिमेला, आपल्या होळीच्या एक महिना आधी, जगभरातल्या लोकांकडून आलेल्या इच्छा हान्जीच्या पट्ट्यांवर लिहून त्या चंद्रघराला बांधल्या होत्या. व्हेनिसमध्ये त्या आगीचे चित्रीकरण अंधाऱ्या वाटेत पाहून पुढे गेलो आणि पांढऱ्या भिंतींवरून जमिनीवर उतरलेले प्रचंड काळे फटकारे समोर आले, तेव्हा माझे पाय आपोआप थबकले.

सोबत हान्जीचा एक ताव पाठवत आहे. उजेडासमोर धरलास तर त्यातले धागे दिसतील. गुळगुळीत बाजू बोटांनी ओळख आणि सरावाचे सगळे फटकारे आधी वर्तमानपत्रावर ओढ.

तुझाच,
मित्र