जी गेली तिने ‘गेसेयो’ म्हणायचं

देजॉन, दक्षिण कोरिया

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा कॉलवर तुम्ही विचारलंत, “तिकडे नमस्कार कसा करतात गं?” आणि मी उत्तर देईपर्यंत तुमच्याकडची लाइट गेली. म्हणून हे पत्र. तसंही, जन्मभर पहिलीच्या पोरांकडून मुळाक्षरं गिरवून घेतलेल्या माणसाला हे फोनवर उरकण्यासारखं नाहीच.

लॅबमध्ये इंग्रजीवर भागतं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मी मुकी. म्हणून आल्या आल्या अक्षरं हातात घेतली, तर ती निघाली तुमच्या आवडीची. इथल्या दहा हजार वॉनच्या हिरव्या नोटेवर राजा सेजोंग असतो. त्याने १४४३ साली ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांना दिली. तोवर सगळं चिनी अक्षरांत, म्हणजे शिकल्यासवरल्यांपुरतं. आजची मूळ व्यंजनं १४, स्वर १०. ‘क’ची खूण म्हणजे घशाकडे वळलेल्या जिभेचं चित्र, ‘न’ म्हणजे जिभेचं टोक वर टेकलेलं, ‘म’ म्हणजे चौकोनी तोंड. तुम्ही फळ्यापाशी उभे राहून कंठ्य, तालव्य, दंत्य म्हणत आम्हाला आ वासून दाखवायचात ना, ते यांनी अक्षरातच काढून ठेवलंय. लिपीसोबत निघालेल्या पोथीत लिहिलंय, हुशार माणूस ही सकाळ संपायच्या आत शिकेल आणि मठ्ठ दहा दिवसांत. मला नऊ लागले. आईला सांगू नका.

पण वाचता आलं म्हणजे बोलता आलं असं नाही. प आहे, फ आहे, आणि शिवाय हवा अजिबात न सोडता दाबून काढायचा तिसराच एक प्प आहे. पुल म्हणजे विस्तव, फुल म्हणजे गवत, प्पुल म्हणजे शिंग. माझ्या तोंडून तिन्ही एकच येतात.

तर नमस्कार. “आन्न्योंग हासेयो.” सकाळ, दुपार, रात्र, सगळ्याला हाच. मूळ अर्थ, खुशाल आहात ना? सोबत मान आणि कंबर थोडी झुकवायची. माझे हात अजून आपोआप जुळतात, त्यामुळे माझा नमस्कार अर्धा कराडचा आणि अर्धा इथला होतो. शेवटचा ‘यो’ महत्त्वाचा. तो म्हणजे आपलं अहो-जाहो. मित्रमैत्रिणींत नुसतं “आन्न्योंग” चालतं, पण कुणाशी यो गाळायचा हे वय कळल्याशिवाय ठरत नाही. म्हणून इथे पहिल्या भेटीतच लोक वय विचारतात. मला आधी राग यायचा. आता मीच विचारते.

मला सोपं गेलं ते वाक्य. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. “मुल जुसेयो”, पाणी द्या. मुल म्हणजे पाणी, जुसेयो म्हणजे द्या. वेगळं ‘कृपया’ जोडायला नको, आदर त्या ‘द्या’मध्येच आला. इंग्रजीतून जुळवायला गेले की अडखळते, मराठीतून गेले की गाडी सुटते.

मात्र मराठीनेच एकदा घात केला. इथे “ने” म्हणजे हो आणि “आनियो” म्हणजे नाही. दुकानात बाई विचारते, पिशवी देऊ का? मी सवयीने मान हलवत “नै, नै” करते आणि तिला ऐकू येतं “ने, ने”. पिशवीचे पैसे वेगळे पडतात, बाबा. घरात सतरा जमल्यात.

लॅबमागच्या खानावळीतल्या बाईंना सगळे “इमो” म्हणून हाक मारतात. मी शब्दकोश उघडला, तर इमो म्हणजे आईची बहीण. मावशी! बापाच्या बहिणीला निराळा शब्द आहे, गोमो, पण खानावळीत आत्या कुणी म्हणत नाही. आपल्याकडेही कुठे म्हणतात? जेवण पुढ्यात आलं की “जाल मॉक्केस्सुम्निदा”, म्हणजे आता छान जेवते, आणि ताट संपलं की “जाल मॉगॉस्सुम्निदा”, छान जेवले. तुमच्या ‘अन्नदाता सुखी भव’ची जागा हीच. भाताला म्हणतात बाप, म्हणजे प आणि बच्या मधलं काहीतरी. ओळखीचं माणूस रस्त्यात भेटलं की “बाप मॉगॉस्सॉयो?” भात खाल्ला का, म्हणजे जेवलीस का. पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी प्रामाणिकपणे उभ्या उभ्या काय काय खाल्लं ते सांगितलं. नुसतं “ने” पुरलं असतं.

आता माझी फजिती. इथे निरोपाचे शब्द दोन आहेत. जाणाऱ्याला म्हणायचं “आन्न्योंगही गासेयो”, सुखरूप जा. मागे राहणाऱ्याला “आन्न्योंगही गेसेयो”, सुखाने राहा. मी डोक्यात खुंटी ठोकली की ‘गेसेयो’ हे ‘गेले’सारखं वाटतं, तेव्हा ते जाणाऱ्यासाठी. झालं उलटं. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, तिला मी हाल्मॉनी म्हणजे आजी म्हणते. रोज सकाळी निघताना मी त्या म्हातारीला तिच्याच घरातून “गासेयो” म्हणत होते. चला, निघा आता! तिने तीन आठवडे ऐकून घेतलं. मग एके दिवशी दारात मला धरून, आधी स्वतःकडे आणि मग माझ्याकडे बोट करत समजावलं. आता खुंटी बदलली आहे: जी गेली, तिने गेसेयो म्हणायचं.

वर तिने आणखी एक शिकवलं. रोज परत येणार असशील तर हे दोन्ही नको, म्हणे. “दान्यो ओल्केयो” म्हण. मी खोलीत येऊन अर्थ पाहिला: जाऊन येते. बाबा, मी पायरीवर “जाते” म्हटलं की आपली आजी किती ओरडायची! गेल्या सोमवारी मी “दान्यो ओल्केयो” म्हटलं आणि हाल्मॉनी लसूण सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, “दान्योवा.” जाऊन ये. यो गाळून.

आईला सांगा, मेतकुटाच्या दोन पुड्या जास्त टाक, हाल्मॉनीला भातावर आवडलं. पुढच्या कॉलला ती माझ्या शेजारी बसणार आहे. तुम्ही आन्न्योंग हासेयो म्हणा, आणि यो विसरू नका. ती तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. तुमचं वय तिने कधीच विचारून घेतलंय.

तुमची,
सोनी