मावशी, बर्फाचे पैसे तू घेतलेच नाहीस

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

हे पत्र तुझा नातू तुला वाचून दाखवेल. त्याला माझं सांगणं, बाळा सावकाश वाच, आणि आजी मध्येच उठून कुणाला हाक मारायला गेली तर ती परत येईपर्यंत थांब.

खरं तर हे सगळं तुझ्या ओट्यावर बसून बोलायला हवं होतं. पण माझ्या हर्णै बंदरावरच्या फोटोंचं कौतुक लोक चारचौघांत करतात, मग तुझे आभारही चारचौघांत मानायला हवेत. लोक नेहमी एकच गोष्ट विचारतात. या बायका, हे खलाशी, ही पोरं इतकी आपल्याच नादात कशी आहेत? त्यांना कॅमेरा दिसला नाही का? मावशी, त्यांना तो चांगला दिसत होता. तरी ते आपल्याच नादात राहिले, आणि ते तुझ्यामुळे.

2017 साली बँकेतून बदली होऊन मी दापोलीला आले. दर रविवारी दुपारी आसूदवरून उतरून हर्णैला यायचं, बंदरावर लिलाव सुरू व्हायच्या आधी पोचायचं, हा माझा नेम. गळ्यात वडिलांचा पेंटॅक्स के-1000 आणि पिशवीत काळ्या-पांढऱ्या फिल्मचे दोन रोल. एका रोलमध्ये 36 फोटो, म्हणजे प्रत्येक वेळी बोट दाबताना विचार करायचा. तेव्हा मी लांबची लेन्स लावून बैलगाड्यांच्या आड उभी राहायची. फोटो काढताना समोरच्याला कळता कामा नये, कळलं की माणूस खोटा होतो, असं मी वाचलं होतं. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ नावाचा एक फार मोठा फ्रेंच फोटोग्राफर होऊन गेला. 30 जानेवारी 1948 ला, गांधीजी गेले त्याच दिवशी काही तास आधी तो त्यांना भेटला होता. तो आपल्या कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. मीही तशीच पट्टी चिकटवली होती.

पहिले तीन-चार रविवार तू मला बघत होतीस, बोलली नाहीस. मग एकदा लिलाव संपल्यावर पाटी उचलता उचलता म्हणालीस, "काय गो, लांबून काय बघतेस? जवळ ये. मासळी चावत नाही." मी जवळ आले. कॅमेऱ्यावरच्या पट्टीवर तू बोट ठेवलंस. "हे काय? फुटलाय?" मी म्हटलं, नाही, कुणाला दिसू नये म्हणून लावलंय. तू माझ्याकडे नीट बघितलंस आणि म्हणालीस, "आमचे फोटो नेतेस, ते आम्हाला कधी दाखवतेस?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर काढलेल्या दोनेकशे फोटोंपैकी एकही मी कुणाला दाखवला नव्हता.

पुढच्या रविवारी दहा फोटो छापून आणले. ते तुझ्या हातात दिल्यावर तू आधी काहीच बोलली नाहीस. मग म्हणालीस, "रंग कुठे गेले? असले फोटो भिंतीवर असतात, हार घातलेले. आम्ही जिवंत आहोत ना गो?" मी गप्पच झाले. आपल्याकडे काळा-पांढरा फोटो म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. तरीही तू ते दहा फोटो पदराने पुसून ज्याचे त्याला वाटलेस. बर्फ फोडणाऱ्याला त्याचा दिलास, गाडीवानाला त्याचा. बैलाचा एकट्याचा होता, तोही गाडीवानालाच दिलास.

काळं-पांढरं का, हे मी तुला तेव्हा धड सांगू शकले नाही. आता सांगते. बंदरावर निळ्या ताडपत्र्या, लाल-पिवळे प्लास्टिकचे क्रेट, हिरवी जाळी. रंगीत फोटोत डोळा आधी त्या क्रेटवर जातो, माणसावर नंतर. रंग काढून घेतले की चेहरा राहतो आणि हात राहतात. संध्याकाळी सुवर्णदुर्गाच्या बाजूने उन्हं तिरपी येतात, ओली वाळू तो उजेड खालून तोंडावर फेकते, आणि वाकून वाटा लावणाऱ्या बाईच्या हनुवटीखालची सुरकुतीन् सुरकुती दिसते. तो उजेड मला रंगाशिवायच पकडता आला.

पण एका बाबतीत तुझं खरं होतं, आणि ते मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नसतं. सुरमईचा एक फोटो बघून तू म्हणालीस, "ही ताजी की शिळी, कसं कळायचं? कल्ले लाल आहेत का ते बघायला नको?" मग तू मला शेजारी बसवून शिकवलंस. अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचलायचं, आत बघायचं, मग डोळा बघायचा, मग पोटावर बोट दाबून सोडायचं आणि खड्डा राहतो का ते बघायचं. तीन सेकंदांत तू सुरमईचा निकाल लावायचीस. माझ्या फिल्मला मात्र लाल आणि तपकिरी जवळपास सारखेच राखाडी दिसत होते. मी हिरवी काच मागवली. हिरवी काच लेन्सपुढे लावली की लाल रंग फोटोत काळपट उतरतो. दोन सुरमया शेजारी ठेवून, तुझा अंगठा कल्ल्यात असताना फोटो काढला. छापून आणला तेव्हा तू लगेच एकीवर बोट ठेवलंस, "ही ताजी." मावशी, माझ्या कुठल्याही फोटोला मिळालेली ती सगळ्यात मोठी पावती आहे. आजही तो फोटो कुणाला दाखवला की मी आधी विचारते, यातली ताजी कोणती?

आता बर्फाचं. फिल्म धुवायचं रसायन 20 अंशांवर असावं लागतं. माझी फिल्म एचपी-5, तिला त्या तापमानाला साडेसात मिनिटं पुरतात. दापोलीत एप्रिल-मेमध्ये माझ्या बाथरूमच्या नळाला पाणी यायचं तेच तीसच्या पुढे. गरम रसायनात फिल्म भराभर काळी होते, तिच्यावरचा थर मऊ पडतो. माझे दोन रोल तसे वाया गेले. त्यात एकात नारळी पौर्णिमेचे जुने फोटो होते, जपून ठेवलेले. मी तुझ्यापाशी हळहळले. तू काही न बोलता बर्फाच्या पेटीतून दोन मोठे तुकडे काढलेस, गोणपाटात गुंडाळलेस आणि माझ्या डिकीत ठेवलेस. घरी पोचेपर्यंत अर्धं पाणी झालं, पण उरलेलं पुरलं. बादलीत बर्फ, बर्फात रसायनाची बाटली, बाटलीत थर्मामीटर, आणि सगळ्या बाथरूमला बांगड्याचा वास. त्या रात्रीच्या नेगेटिव्हइतकी स्वच्छ नेगेटिव्ह मी त्याआधी काढली नव्हती. मग दर उन्हाळ्यात बर्फ मिळत गेला. पैसे काढले की तू म्हणायचीस, "बर्फ काय मी बनवते?"

फोटो परत देण्याची सवय लागल्यावर बंदरच बदललं. म्हणजे बंदर तसंच होतं, माझ्यासाठी बदललं. मी कॅमेऱ्याची पट्टी काढून टाकली. लांबची लेन्स पेटीत ठेवली, 35 मिलिमीटरची रुंद लेन्स लावली, फोकसचं अंतर अडीच मीटरवर आणि लेन्सचं छिद्र आठ या आकड्यावर ठेवून दिलं, म्हणजे डोळ्याला लावून नेम धरत बसायला नको. अडीच मीटर म्हणजे लिलावाच्या घोळक्यात आतच. पहिले दोन महिने सगळे कॅमेऱ्याकडे बघून उभे राहायचे, पोरं पोझ द्यायची. मी तेही फोटो काढले आणि तेही छापून दिले. ज्याला हवा तसा फोटो मिळाला, त्याचं माझ्याकडचं लक्ष उडालं. "फोटोवाली आलीय" एवढं म्हणून लोक कामाला लागायचे. पाण्यात पोटापर्यंत उभी बैलगाडी, होडीतून क्रेट उतरवून घेणारे हात, बोली चढताना ओठ आवळून उभी दापोलीची विक्रेती, पहिला वाटा गेल्यावर नोट कपाळाला लावणारी तुझी जाऊ. हे सगळं मला लपून कधीच मिळालं नसतं.

एक फोटो तू मला दाखवू दिला नाहीस. त्या दिवशी भाव पडला होता आणि एक बाई वाट्यामागे बसून रडत होती. मी फोटो काढला. तू बघितलंस, तिथे काही बोलली नाहीस. पुढच्या खेपेला मी रोलच्या सगळ्या फोटोंचा एकत्र कागद आणला, त्यातल्या त्या बारक्या चौकटीवर तू नख ठेवलंस. "हा नको. तिची सून बघेल." मी त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली. फोटो म्हणून तो माझ्या उत्तम फोटोंपैकी एक आहे, हे मला माहीत आहे. तो मी कधी छापला नाही आणि छापणार नाही. त्या फुलीबद्दल तुझे वेगळे आभार मानायचे आहेत, कारण त्या दिवसापासून रडणाऱ्या माणसासमोर माझा कॅमेरा आपोआप खाली येतो.

मग 3 जून 2020. निसर्ग वादळ. पत्रे, कौलं, माड, काही म्हणून राहिलं नाही. आमच्याकडे दापोलीत वीज यायला कित्येक दिवस गेले. रस्ते मोकळे झाल्यावर मी पाजपंढरीच्या बाजूला आले तेव्हा तू गाळात बसून भांडी वेचत होतीस. माझ्यासमोर ओल्या फोटोंचा एक गठ्ठा धरलास, सगळे एकमेकांना चिकटलेले. "परत काढून देशील?" काढून देता येणार होते, कारण नेगेटिव्ह माझ्या कपाटात वरच्या फळीवर कोरड्या होत्या. घर धड उभं नसताना तू घरोघर फिरलीस, कुणाचा कुठला फोटो गेला ते नातवाच्या वहीत लिहून घेतलंस. 31 फोटो. ती वही माझ्याकडे आहे. "दादा जाळं तुणतो, बाजूला कुत्रा." "आई, हसते तो." "बाबा होडी शाकारताना, गेल्या वर्षी वारले." वीज आल्यावर मी लाल दिव्याखाली ते एकेक छापले. ट्रेमधल्या रसायनात कोऱ्या कागदावर तो होडी शाकारणारा माणूस हळूहळू वर आला, आधी डोक्यावरचं फडकं, मग खांदे, मग हात. भिंतीवर हार घातलेल्या फोटोंबद्दल तू जे म्हणाली होतीस ते त्या वेळी मला आठवलं, आणि मी तो फोटो थोडा मोठा छापला.

2022 ला माझी पुन्हा बदली झाली. निरोपाच्या दिवशी तू सुकटीची पिशवी दिलीस आणि एक मागणं केलंस. इतकी वर्षं मी तुझे पन्नास तरी फोटो काढले असतील. एकातही तुझ्या केसांतला अबोलीचा वळेसर अबोलीसारखा दिसत नाही, फिका राखाडी दिसतो. "एक तरी रंगीत काढ गो. अबोली दिसली पाहिजे."

मावशी, 31 जुलैला मासेमारीची बंदी उठते. नारळी पौर्णिमेला मी येतेय. रंगीत रोल घेतला आहे, एकच, फक्त तुझ्यासाठी. वळेसर ताजा माळ. आणि या खेपेला बर्फाचे पैसे मी नातवाच्या हातात देणार आहे, त्याला घेऊ दे.

तुझी,
फोटोवाली