पुण्याला इतक्यात नको

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी दादा, वहिनी आणि मी सविस्तर बोललो आणि तुम्ही दोघांनी वाईचे घर सोडून इतक्यात पुण्याला येऊ नये, असे आम्ही ठरवले. हे फोनवर सांगायला गेले की माझा गळा दाटून येतो आणि बाबा लगेच ‘बरं बरं’ म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहिते आहे. पत्र शेवटपर्यंत वाचा, अर्ध्यावर ठेवून मनाला लावून घेऊ नका. तुमची अडचण होईल, असा विचार आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलेला नाही. दादाकडची ती खोली तुमचीच आहे. वहिनीने तिथला पलंगसुद्धा आईच्या गुडघ्यांना सोसेल अशा उंचीचा घेतला आहे. तब्येतीमुळे खरोखर गरज पडेल किंवा तुम्हालाच मनापासून यावेसे वाटेल, त्या दिवशी आम्ही गाडी घेऊन दारात उभे असू.

बाबा, दिवाळीत तुम्ही म्हणालात, “आता इथे आमचे काय काम उरले आहे?” ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. नानाकाका गेल्यापासून तुमचे घाटावर जाणे थांबले, वाचनालय थांबले, आणि सकाळचे वर्तमानपत्र संपले की दुपारपर्यंत तुम्ही खुर्चीतून उठत नाही, हे आईने न सांगताही मला कळते. पुण्याला आल्यावर हे सगळे सुधारेल, असे तुम्हाला वाटते. मला मात्र भीती वाटते की तिथे ते वाढेल. दादाच्या घरी साडेआठला सगळे बाहेर पडतात आणि संध्याकाळी आठच्या आत कुणी परतत नाही. नवव्या मजल्यावर शेजारच्या दारावरचे आडनाव कळते, माणूस कळत नाही. दिवसभर आमची वाट पाहायची आणि आम्ही थकून आल्यावर आमच्याशी काय बोलावे याचा विचार करायचा, एवढेच काम तुम्हाला उरेल. आत्याने सांगलीचे घर बंद केल्यावर ठाण्यात काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तो विषय मी पुन्हा काढत नाही.

वाईत तुम्ही चार दिवस दिसला नाहीत तर दूधवाल्यापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळे विचारतात. कृष्णाबाईचा उत्सव जवळ आला की आईला बोलावणे येते, आणि भजनी मंडळात ती नसली तर पेटी कुणी धरायची हा प्रश्न पडतो. ही विचारपूस साधी दिसते, पण माणसाला उभे ठेवणारी हीच गोष्ट आहे, असे मला आता ठामपणे वाटते. बाबा, तुम्हाला पुराव्याशिवाय काही पटत नाही, म्हणून सांगते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली एक अभ्यास सुरू केला. विद्यापीठातले विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुले मिळून ७२४ जणांचे पुढचे सगळे आयुष्य त्यांनी नोंदवत नेले. पन्नाशीत ज्यांना आपल्या माणसांशी असलेल्या संबंधांत समाधान होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी निघाले. त्या वयातल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून एवढा अंदाज बांधता येत नव्हता. तुमची पन्नाशी होऊन गेली, हे मला ठाऊक आहे. पण जी माणसे तुम्ही तेव्हा जोडलीत, ती अजून त्याच गल्लीत आहेत, आणि त्यांच्यापासून तुम्हाला आम्हीच तोडावे हे मला मान्य नाही.

मात्र नुसते वाईत राहिल्याने भागणार नाही. दिवसात एखादे तरी काम असे असावे, ज्यासाठी घराबाहेरचे कुणीतरी तुमची वाट पाहत असेल. आमच्यासाठी तुम्ही पुष्कळ जगलात. आता आमच्या फोनवर तुमचा दिवस अवलंबून राहू नये, असे मला वाटते. बाबा, महर्षी कर्व्यांची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगत असा. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेलेला तो मुलगा लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेला, हे सांगताना तुमचा आवाज दर वेळी जड होई. त्याच कर्व्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि १९४४ साली समता संघ सुरू केला. फर्ग्युसनमधून ते निवृत्त झाले होते १९१४ साली, आणि तेही गणिताचेच प्राध्यापक होते. वाईत राहणाऱ्याला तर लांबचा दाखलाही नको. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेव्हा त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पंचाहत्तरीचे होते. तुम्ही एवढे मोठे काही उभारावे, असे मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे असलेले अपूर्णांक आणि त्रैराशिक शिकवण्याचे कौशल्य खुर्चीत बसवून ठेवू नका.

म्हणून तुम्हाला न विचारता मी एक गोष्ट केली आहे, रागावू नका. तुमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांशी मी बोलले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना गणित शिकवायला त्यांना माणूस हवाच आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक तास, तळमजल्यावरच्या वर्गात, बसायला हाताची खुर्ची, आणि तब्येत बरी नसेल त्या दिवशी मुळीच नाही, एवढे सगळे मी बोलून ठेवले आहे. पहिला तास येत्या मंगळवारी आहे. भाकरीचे तुकडे करून तुम्ही मला छेद आणि अंश शिकवले होते, आणि मला गणित समजले की लगेच तुम्ही तो तुकडा तूप-मीठ लावून माझ्या तोंडात घालत होतात. मला ते इतके हवेहवेसे वाटे की समजलेले गणितही मी पुन्हा विचारी. त्या वर्गातल्या मुलांना असा शिक्षक मिळणार, याचा मला फार आनंद आहे.

आई, तुझ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तू काही बोलत नाहीस. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा, त्यांचा बिनमिठाचा स्वयंपाक, त्यांची झोप, यांभोवती तू सगळा दिवस बांधून घेतला आहेस. मला ताप आला की तू रात्रभर उशाशी बसत होतीस आणि सकाळी पुन्हा चुलीपाशी उभी राहत होतीस. तेव्हा ते मला स्वाभाविक वाटे, आता आठवले की गलबलून येते. मंगळवारी आणि शुक्रवारी बाबा शाळेत असतील तो तास फक्त तुझा. गोधडीची टोपली माळ्यावरून खाली काढून घे (स्वतः चढू नकोस, दूधवाल्याच्या मुलाला सांग) आणि शेजारच्या दोघी सुना कधीपासून शिकव म्हणताहेत, त्यांना बोलाव. कुणाला काही शिकवताना तुझा चेहरा किती खुलतो, हे तू स्वतः कधी पाहिलेले नाहीस.

आता थोडे हक्काने सांगते. दोघांनीही रोज संध्याकाळी गणपती घाटापर्यंत चालत जायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम चालीने चालावे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एका दमात जमत नसेल तर पारावर बसा, गप्पा मारा, पुन्हा निघा. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायामही करावेत, म्हणून खुर्चीचा आधार घेऊन हळूहळू उठबस करा. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढेच मीठ पोटात जावे. त्यात लोणचे आणि पापडही धरायचे असतात, बाबा. रात्रीच्या बातम्या साडेनऊला बंद करायच्या. दिवसभर ऐकलेले तेच पुन्हा ऐकून झोप मात्र उडते. आई, तू सगळ्यांच्या नंतर गार झालेले जेवायचे नाहीस; बाबांच्याच पंगतीला बसायचे.

घरातल्या सोयींची मुळीच चिंता करू नका. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा आणि खाली न घसरणारी फरशी पुढच्या आठवड्यात बसेल. मिस्त्री सकाळी दहानंतर येईल, म्हणजे बाबांची अंघोळ आणि पूजा आटोपलेली असेल. मागच्या अंगणातल्या पायरीलाही कठडा करून घेत आहोत. पोळ्या करायला मावशी यायला लागतील; आई, त्यांच्या पोळ्या तुझ्यासारख्या मऊ होणार नाहीत, पण तेवढे सोस, गुडघ्यांना विश्रांती मिळेल. सत्तरीपुढच्यांसाठी निघालेले आयुष्मान वय वंदना कार्ड दादा तुमच्यासोबत येऊन काढून देईल. त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढण्याची गरज नाही. बाबांना पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे आणि आईला अर्धे तिकीट, तेव्हा मनात येईल तेव्हा आमच्याकडे चार दिवस राहायला या. पण गर्दीच्या वेळी नको, आणि निघण्याआधी फोन करा, स्वारगेटला मी स्वतः घ्यायला येईन.

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आमच्यापैकी कुणीतरी वाईला येईलच. रोज रात्री साडेआठचा फोन सुरूच राहील. फक्त तेव्हा “जेवलात का” एवढ्यावर थांबायचे नाही. बाबांनी वर्गात कोणाला काय अडले ते सांगायचे आणि आईने गोधडीला कोणत्या साडीचे ठिगळ लावले ते. या निर्णयात तुम्हाला काही टोचले असेल, तर तेही मोकळेपणाने लिहा. आम्ही पुन्हा बसून विचार करू. पण मंगळवारच्या तासाला, बाबा, नक्की जा. खडूचा त्रास होऊ नये म्हणून रुमाल खिशात ठेवा, आणि पावसाळी हवा वाटली तर छत्री विसरू नका.

तुमची,
चिमी