क्षेपणास्त्राची किंमत कोणत्या हिशेबाने मोजायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस-पंचवीस लाख रुपयांचे ड्रोन पाडण्यासाठी सोळा-सतरा कोटींचे क्षेपणास्त्र खर्ची घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असे तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केल्यापासून सर्रास म्हटले जाते. आकडे बहुतांशी बरोबर आहेत. हूथींच्या एकमार्गी, म्हणजे लक्ष्यावर आदळून संपणाऱ्या ड्रोनची किंमत २० ते ५० हजार डॉलरच्या घरात धरतात, तर अमेरिकी विनाशिकांवरील एसएम-२ हे हवेतील लक्ष्य पाडणारे क्षेपणास्त्र सुमारे २० लाख डॉलरला पडते. त्या भागात जवळपास एक अब्ज डॉलरचा दारूगोळा खर्च झाल्याचे अमेरिकेचे तत्कालीन नौदलमंत्री कार्लोस डेल टोरो यांनी एप्रिल २०२४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले होते. मात्र या हिशेबात ज्या जहाजावर ते ड्रोन आदळणार होते, त्या जहाजाची किंमतच धरलेली नसते. अमेरिकेची आर्ले बर्क वर्गातील एक विनाशिका आज दोन अब्ज डॉलरहून महाग आहे आणि तिच्यावर तीनशेच्या वर माणसे असतात.

जानेवारी २०२४च्या अखेरीस ‘ग्रेव्हली’ या अमेरिकी विनाशिकेच्या दिशेने आलेले क्रूझ क्षेपणास्त्र बाहेरच्या संरक्षक कड्यातून निसटले आणि जेमतेम मैलभर अंतरावर आल्यावर फॅलँक्स या स्वयंचलित तोफेने ते टिपले. तोफेच्या गोळ्या क्षेपणास्त्रापेक्षा कितीतरी स्वस्त, हे खरे. पण ध्वनीच्या वेगाच्या आसपास येणारे क्षेपणास्त्र मैलभराचे अंतर पाच-सहा सेकंदांत कापते आणि नेम चुकला तर दुसरी संधी मिळत नाही. महागडे क्षेपणास्त्र डागणारा कप्तान खरे तर अंतर आणि वेळ विकत घेत असतो, आणि त्याच्या जागी कुणीही तेच केले असते.

तरीही व्यापारी जहाजांचा प्रश्न सुटला नाही, ही या प्रकरणातली अधिक बोचरी बाजू आहे. येणारी बहुतेक अस्त्रे पाडली जात असतानाही मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीची वाट सोडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपचा वळसा पत्करला. नाशिकच्या द्राक्षांचे युरोपला जाणारे कंटेनरही त्या हंगामात याच लांबच्या वाटेने गेले आणि वाढीव भाड्याचा भार निर्यातदारांवर पडला. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी दगावले. उरलेल्या २१ जणांना आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले. अशी एखादी घटनाही विमा कंपन्यांना दर चढवायला पुरेशी होते.

ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंड बेटांवरून झालेल्या युद्धातही याहून वेगळे घडले नव्हते. १९८२ मध्ये अर्जेंटिनाकडे विमानातून डागण्याची एक्झोसेट ही जहाजभेदी क्षेपणास्त्रे अवघी पाच होती. त्यांनी ४ मे रोजी ‘शेफील्ड’ ही ब्रिटिश विनाशिका आणि २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज निकामी केले. दुसऱ्या जहाजावरची चिनूक ही अवजड वाहतुकीची हेलिकॉप्टर जळाल्याने ब्रिटिश सैनिकांना पाठीवर ओझे घेऊन बेट पायी तुडवावे लागले. शिवाय ब्रिटिशांना आपल्या विमानवाहू नौका दूर पूर्वेला ठेवाव्या लागल्या, म्हणजे जी क्षेपणास्त्रे डागलीच गेली नव्हती त्यांनीही आपले काम केले. परंतु पाच संपली आणि नवी मिळू नयेत म्हणून ब्रिटनने जंग जंग पछाडले. अर्जेंटिनाला त्या घडीला अडचण पैशांची नव्हती, नगांची होती.

म्हणून माझ्या मते रुपयांपेक्षा संख्येचा हिशेब आधी मांडला पाहिजे. आर्ले बर्क विनाशिकेवर क्षेपणास्त्रांचे ९० ते ९६ कप्पे असतात. ते रिकामे झाले की पुन्हा भरण्यासाठी आजही सहसा बंदर गाठावे लागते, आणि तेवढे दिवस तिची जागा दुसऱ्या नौकेला घ्यावी लागते. हरवलेला पैसा अर्थसंकल्पातून भरून काढता येतो. मार्गदर्शक यंत्रणा, इंजिन आणि स्फोटके यांची जुळणी करणारा कारखाना मात्र रातोरात दुप्पट माल देऊ शकत नाही.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोनच्या झुंडींविरुद्ध आपल्या लष्कराने आकाश या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांच्या जोडीला एल-७० आणि शिल्का या विमानविरोधी तोफा वापरल्या. एल-७०चे मूळ रूप साठच्या दशकापासून आपल्याकडे आहे. नव्या टेहळणी व नेमसाधन यंत्रणेमुळे ती पुन्हा कामाला आली. जुनी झाली म्हणून ती भंगारात काढली असती, तर तेवढ्याच ड्रोनसाठी क्षेपणास्त्रांचा साठा उपसावा लागला असता. जिथे तोफ पुरते तिथे क्षेपणास्त्र वापरायचे नाही, एवढी शिस्त पाळण्यासाठी आधी तोफ हाताशी असावी लागते.

क्षेपणास्त्र खरेदीला मंजुरी मिळाली की आपल्याकडे एकूण रकमेचा मथळा छापला जातो. नेमका साठा जाहीर करता येत नाही, हे मान्य आहे. पण युद्ध लांबले तर वापरलेल्या साठ्याची भरपाई देशातच किती महिन्यांत होईल, हा प्रश्न संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने दरवर्षी विचारावा आणि आपल्यासारख्या दैनिकांनी त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक