आई-बाबा, थोडं सविस्तर लिहितेय

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही परवा फोनवर परत तेच म्हणालात, पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून सासवडला आणली, पुण्यातच राहू दिली असती तर. मागून आईचं रडणं पण ऐकू आलं. बाळाच्या मेंदूला इजा कशामुळे झाली आणि आता काय करायचं ते लिहितेय, दोघांनी मिळून हे नीट वाचा.

माझी वार बाळ बाहेर यायच्या आधीच सुटली. पोटात बाळाला ऑक्सिजन वारेतूनच मिळतो, ती सुटली की तो तुटतो, आणि हे बऱ्याचदा आधी कळतच नाही, सोनोग्राफी नॉर्मल असली तरी होतं, पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात पण होतं. ग्रहणाचा संबंध नाही, मी जिने चढले त्याचा नाही, आणि सासवडचा तर नाहीच नाही. उलट तिथल्या डॉक्टरबाईंनी बाळ रडत नाही बघून पहिल्या मिनिटातच अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने, श्वास द्यायला घेतला, आणि बाबा तुम्ही कशासाठीही न थांबता दिवे घाट उतरून त्याला पुण्यात आणलंत. ऑक्सिजन कमी पडला की मेंदूच्या काही पेशी लगेच जातात पण बऱ्याचशा काही तास तग धरतात आणि मग पुढच्या एक-दोन दिवसांत जायला लागतात, त्यांना वाचवायला कूलिंग, म्हणजे बाळाचं अंग मुद्दाम गार ठेवणं, करायचं तर ते जन्मापासून 6 तासांच्या आत चालू व्हावं लागतं. तुमच्यामुळे आपण त्या वेळेत पोचलो.

आई, कूलिंगचे ते 72 तास तुझ्या मनातून गेले नाहीत हे मला कळतं. बाळाचं अंग 33-34 डिग्री सेल्सिअसवर गार ठेवलेलं आणि तू दुपटं-टोपडं घेऊन एनआयसीयूच्या, नवजात बाळांच्या आयसीयूच्या, दारात. गार ठेवलं की मेंदूला ऊर्जा कमी लागते, नुकसान आवरतं. डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितलं होतं की श्रीमंत देशांत याचा फायदा दिसलाय, पण भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या 408 बाळांच्या 2021 च्या अभ्यासात दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले. सगळं ऐकून आम्ही दोघांनी सही केली. तो निर्णय आमचा आहे.

एमआरआयमध्ये हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा दिसली, म्हणून मुठी घट्ट, अंगठा आत आणि उचललं की अंग मागे ताणतो. काकू म्हणतात मुलगे उशिराच बसतात, वाट बघा. नाही बघायची! मेंदू नवी जोडणी सगळ्यात जास्त याच वयात करतो. याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीत कायमची अडचण, म्हणायचं का ते डॉक्टर अजून काही महिने बघून सांगतील, आणि पूर्ण बरा होईल ना याचं उत्तर आज कोणाकडेच नाही, तुम्हाला खोटी आशा मी देणार नाही. थेरपी मात्र चालू आहे, आणि त्यातला मोठा भाग घरीच करायचा असतो, दूध पाजताना, कपडे बदलताना, खेळवताना, दिवसभर.

म्हणून तुम्ही दोघं इकडे राहायला या. मला मदत हवीये, तुमचं रडणं नकोय. मालिशवाल्या बाई नकोत, त्या हातपाय ओढतात, आई तू हलक्या हाताने तेल लाव. नाचणीचं सत्त्व थोडं घट्टसरच कर, पातळ पटकन श्वासनलिकेत जातं त्याच्या, आणि भरवताना मांडीवर आडवं न घेता बसतं धरायचं, मान किंचित पुढे.

तुमची,
मनू